शॉटगन कुणासाठी? 'डूम', त्याची शस्त्रे आणि त्याचे शत्रू

१० डिसेंबर १९९३. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर एक फाइल चढवायची होती. तिची वाट पाहणारे इतके लोक आधीपासून जोडून बसले होते, की ती चढवणाऱ्यालाच आत शिरायला जागा मिळेना. अखेर फाइल चढली आणि विद्यापीठाचे जाळे तिच्या भाराने कोलमडले. फाइल होती 'डूम' या खेळाच्या पहिल्या एपिसोडची, आणि ती फुकट होती. (धागा)

योगायोग असा, की आदल्याच दिवशी, ९ डिसेंबरला, अमेरिकी सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली होती. तेथे चर्चा 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' यांची झाली. दुसऱ्या दिवशी काय येऊ घातले आहे, याची सभागृहाला कल्पना नव्हती.

'डूम'विषयी लिहिताना रक्त, राक्षस आणि तंत्रज्ञान यांचीच चर्चा बहुधा होते. त्याच्या मुळाशी असलेला एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. हातात आठ शस्त्रे असताना खेळाडूने एका क्षणी त्यांतले एकच का निवडावे? हा प्रश्न खेळाडूला पडावा म्हणून समोर कोणते शत्रू, किती आणि कुठे उभे करावेत? प्रथमपुरुषी नेमबाजीच्या खेळांचा पुढचा तीस वर्षांचा इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरताना दिसतो.

त्यासाठी दीड वर्ष मागे जावे लागते. मे १९९२ मध्ये याच कंपनीचा, आयडी सॉफ्टवेअरचा, 'वुल्फेन्स्टाइन ३डी' प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रे चार: सुरा, पिस्तूल, मशीनगन आणि चेनगन. पिस्तूल असो वा चेनगन, गोळी एकाच साठ्यातून जाते, आणि प्रत्येक गोळीची इजाही एकाच सूत्राने ठरते. फरक फक्त झाडण्याच्या वेगाचा. म्हणजे चेनगन मिळाली की पिस्तुलाला हात लावायचे कारण उरत नाही, गोळ्या वाचवायच्या असतील तेवढेच. ही शस्त्रांची शिडी होती. वरच्या पायरीवर पाय ठेवला, की खालची विसरायची.

शत्रूंचेही तसेच. कुत्रे सोडले तर वाटेत भेटणारे बहुतेक सर्व शिपाई बंदूकधारी, आणि त्यांची गोळी हवेतून प्रवास करत नाही. खेळाडू किती दूर आहे, पळतो आहे का, हे पाहून संगणक आकडा काढतो आणि लागली की नाही ते त्याच क्षणी ठरवतो. या पद्धतीला 'हिटस्कॅन' म्हणतात. अशी गोळी चुकवता येत नाही. दाराआड लपणे, कोपऱ्यावरून डोकावणे आणि आधी झाडणे, एवढीच काय ती युद्धनीती. खेळ थरारक होता, यात शंका नाही. तरी त्यातल्या दहाव्या खोलीतली चकमक पहिल्या खोलीतल्यासारखीच वाटे, हेही खरे.

'डूम'च्या जन्मकाळी आयडी सॉफ्टवेअरमध्ये मतभेद होते. कंपनीचे एक संस्थापक टॉम हॉल यांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये नव्या खेळाचा सविस्तर आराखडा लिहिला. त्याला 'डूम बायबल' म्हणतात. त्यात कथानक होते, निरनिराळ्या स्वभावांची अनेक पात्रे होती, खऱ्या लष्करी तळासारख्या वाटणाऱ्या इमारती होत्या. जॉन कारमॅक यांना कथा नको होती, आणि जॉन रोमेरो यांना त्या वास्तववादी इमारती कंटाळवाण्या वाटत. प्रकाशनाच्या काही महिने आधी हॉल यांना कंपनी सोडावी लागली.

त्यांच्या जागी आले सँडी पीटरसन. वयाने इतरांपेक्षा मोठे, आणि कागदावर, फाशांनी खेळल्या जाणाऱ्या 'कॉल ऑफ क्थुलू' (१९८१) या भूमिकानाट्य खेळाचे कर्ते. हाती सुमारे दहा आठवडे होते. तेवढ्यात त्यांनी 'डूम'च्या २७ पैकी १९ लेव्हल्स पूर्ण केल्या. त्यांतल्या आठ हॉल यांनी अर्धवट सोडलेल्या आराखड्यांवर उभ्या होत्या. हॉल यांचे नाव मागे पडले, पण त्यांनी आखलेल्या कितीतरी भिंती खेळात राहिल्या. इतिहासात असे पुष्कळदा घडते.

आता शस्त्रांकडे. 'डूम'मध्ये मूठ, चेनसॉ म्हणजे लाकूड कापायची यांत्रिक करवत, पिस्तूल, शॉटगन, चेनगन, रॉकेट लाँचर, प्लाझ्मा गन आणि बीएफजी ९००० अशी आठ शस्त्रे आहेत. पडद्यावर दिसणाऱ्या काही बंदुका ही मुळात दुकानातून आणलेली खेळणी होती. त्यांची छायाचित्रे काढून ती संगणकात उतरवली गेली.

खरी क्रांती दारूगोळ्याच्या विभागणीत होती. चार स्वतंत्र साठे: गोळ्या, काडतुसे, रॉकेटे आणि ऊर्जेच्या बॅटऱ्या. पिस्तूल व चेनगन एका साठ्यावर, शॉटगन स्वतःच्या काडतुसांवर, रॉकेट लाँचर रॉकेटांवर, आणि प्लाझ्मा व बीएफजी दोन्ही बॅटऱ्यांवर. गोळ्या २०० पर्यंत बाळगता येत, पण काडतुसे आणि रॉकेटे प्रत्येकी ५० च. बीएफजीच्या एका झटक्याला ४० बॅटऱ्या लागत. तेवढ्याच प्लाझ्मा गनमधून ४० वेळा झाडता येई. शिडी मोडली आणि तिच्या जागी घरखर्चाची वही आली. प्रत्येक राक्षसावर किती खर्च करायचा, हे ठरवणे खेळाडूच्या अंगावर पडले.

या वहीतले आकडे आज सर्वांना ठाऊक आहेत, कारण डिसेंबर १९९७ मध्ये 'डूम'चा मूळ कोडच जाहीर करण्यात आला. इतिहासाच्या अभ्यासकाला एखाद्या राज्याचे सगळे दप्तर शाबूत मिळावे, तसा हा प्रकार. खेळाच्या रचनाकारांनी मुलाखतींत काय सांगितले ते बाजूला ठेवून प्रत्यक्ष हिशेब तपासता येतो.

तो हिशेब असा. शॉटगनच्या एका काडतुसातून सात छर्रे सुटतात आणि प्रत्येक छर्रा ५, १० किंवा १५ गुणांची इजा करतो. सगळे छर्रे लागले तर सरासरी ७०. अंगावर आगीचे गोळे फेकणारा तपकिरी 'इंप' ६० गुणांचा. म्हणजे जवळून नीट मारलेल्या एका काडतुसात तो बहुधा आडवा होतो. लांबून मात्र छर्रे पसरतात, निम्मे वाया जातात, आणि तोच इंप दोन-तीन काडतुसे खातो. शॉटगन खेळाडूला पुढे ओढते. जवळ जा, मग मार.

पण जवळ जावे तर गुलाबी 'डीमन' आहे. त्याच्याकडे फेकण्यासारखे काहीच नाही, त्याला फक्त चावता येते. गुण १५०. त्याच्यापासून मागे सरकत मारायचे, की गोळ्या वाचवण्यासाठी करवत घेऊन अंगावर जायचे? करवतीची गंमत अशी, की तिच्या सततच्या घावांनी डीमन कळवळत राहतो आणि चावायची संधीच त्याला मिळत नाही. दारूगोळा शून्य खर्च. मात्र खोलीत त्याच वेळी एखादा बंदूकधारी झाँबी उभा असेल, तर करवत चालवणाऱ्या खेळाडूची पाठ उघडी पडते.

या कळवळण्यामागेही एक आकडा आहे. प्रत्येक शत्रूला गोळी लागल्यावर तो थबकेल याची शक्यता २५६ पैकी अमुक अशी ठरवलेली होती. तरंगणाऱ्या, एकाक्ष 'कॅकोडीमन'साठी ती १२८, म्हणजे निम्मी. ४०० गुणांच्या त्या लाल गोळ्यावर चेनगन धरली, तर दर दुसऱ्या गोळीला तो सरासरीने थबकतो आणि उलटा वार करूच शकत नाही. शॉटगनने तो लवकर मरेल, पण दोन काडतुसांच्या मध्ये त्याला तोंड उघडायला वेळ मिळेल. एकाच शत्रूसाठी दोन शस्त्रे, दोन्ही बरोबर, आणि त्यांची किंमत वेगळी. 'वुल्फेन्स्टाइन'मध्ये अशी पेचप्रसंगाची जागा जवळजवळ नव्हती.

शत्रूंची विभागणीही विचारपूर्वक केलेली दिसते. साधा झाँबी आणि शॉटगनवाला सार्जंट हे हिटस्कॅन, म्हणजे चुकवता न येणारे, पण अंगाने कच्चे: २० आणि ३० गुणांचे. याउलट इंप, कॅकोडीमन आणि १००० गुणांचा 'बॅरन ऑफ हेल' हे दणकट, पण त्यांचे गोळे दिसतात आणि चुकवता येतात. पळणारा खेळाडू इंपच्या गोळ्यापेक्षा वेगवान आहे. त्यामुळे खोलीत शिरताच मनात एक क्रम लागतो. आधी ते दुबळे बंदूकवाले टिपायचे, मग बाकीच्यांभोवती नाचायचे. बॅरनसारखे धूड समोर गुरगुरत असताना कोपऱ्यातल्या किरकोळ सार्जंटला आधी मारणारा खेळाडू भित्रा नसतो, जाणता असतो.

त्या सार्जंटला मारण्यात आणखी एक फायदा असे. तो मेल्यावर त्याची शॉटगन खाली पडते, साध्या झाँबीकडून थोड्या गोळ्या मिळतात. इंप, डीमन, बॅरन मेले तर हाती काहीच लागत नाही. म्हणजे दुबळे शत्रू हे उत्पन्न आणि बलदंड शत्रू हा खर्च. लेव्हल रचणाऱ्याने फक्त इंपच पेरले, तर खेळाडूची वही हळूहळू तोट्यात जाते. याचा उपयोग पुढच्या रचनाकारांनी पुष्कळ केला, काहींनी निर्दयपणे.

आणि मग भेदनीती. एका राक्षसाचा वार चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला, तर तो खेळाडूला सोडून त्याच्यावर उलटतो. इंपच्या गोळ्याने इंपला काही होत नाही, पण डीमनला होते. बंदूकवाले झाँबी तर आपापसांतही भांडतात. त्यामुळे चतुर खेळाडू दोन शत्रूंच्या बरोबर मध्ये उभा राहतो, वार आला की बाजूला होतो, आणि मग कोपऱ्यात उभे राहून तमाशा पाहतो. साम, दाम, दंड, भेद यांपैकी पहिले दोन उपाय 'डूम'मध्ये नाहीत. चौथा मात्र पूर्ण शाबूत आहे, आणि त्याला एक गोळीही लागत नाही.

हे सगळे कागदावरचे गणित. ते जमिनीवर आणायचे काम लेव्हलचे. पहिल्या एपिसोडच्या बहुतेक लेव्हल्स रोमेरो यांच्या. 'वुल्फेन्स्टाइन'मध्ये जी लेव्हल बनू शकली असती, ती 'डूम'मध्ये नको, असा त्यांचा दंडक होता. जमिनीची उंची बदलावी, उजेडाशेजारी अंधार असावा. पहिली लेव्हल 'हँगर' त्यांनी एपिसोडच्या शेवटी रचली, जेव्हा हात पूर्ण बसला होता. तिच्यात हिरव्या चिखलाच्या तळ्यावरून नागमोडी पूल जातो आणि पलीकडच्या उंच कठड्यावरून इंप आगीचे गोळे फेकतो. हातात पिस्तूल, अंतर लांब, पुलावर आडोसा नाही. गोळे चुकवत पुढे जाणे, हा धडा कुठलीही सूचना न लिहिता तिथे गिरवून घेतला जातो.

एक नियम आज विसरला गेला आहे. खेळाडू मेला, की ती लेव्हल पुन्हा पिस्तूल आणि ५० गोळ्यांनिशी सुरू होते. आधी गोळा केलेले सगळे शस्त्रागार गेले. म्हणून प्रत्येक लेव्हलला आपल्यापुरते स्वयंपूर्ण असणे भाग होते. शॉटगन कुठे ठेवायची, ती मिळण्याआधी किती इंप आणि मिळाल्यानंतर किती, हा क्रम म्हणजेच लेव्हलचे कथानक. हॉल यांनी लिहिलेली गोष्ट कारमॅक यांनी काढून टाकली खरी, पण तिची जागा रिकामी राहिली नाही. मधोमध चौथऱ्यावर ठेवलेले नवे शस्त्र, ते उचलताच सरकणारी भिंत आणि तिच्याआडचा काळोख, ही त्या काळातली अस्सल कथनपद्धती होती. शस्त्र मिळाल्याचा आनंद आणि सापळ्यात सापडल्याची धास्ती एकाच क्षणी.

पहिल्या एपिसोडच्या शेवटी दोन बॅरन एकदम बाहेर येतात. दोघांचे मिळून २००० गुण. शॉटगनची साधारण २९ काडतुसे नेमकी लागावी लागतील, म्हणून खेळाडू रॉकेट लाँचर काढतो. पण रॉकेटाचा स्फोट झाडणाऱ्यालाही भाजतो. जवळून झाडावे तर स्वतःच मरायचे, लांब जावे तर तोवर दुसरा बॅरन पाठीशी. खेळातले सर्वांत सुरक्षित वाटणारे शस्त्र इथे सर्वांत धोक्याचे होते. फुकट वाटलेल्या भागाचा हा शेवट होता. अनेकांनी पुढचे एपिसोड पैसे देऊन मागवले, त्यात या खोलीचा वाटा लहान नसावा.

१९९४ मध्ये 'डूम २' आला. त्यात नवी शस्त्रे किती? एक. दुनळी सुपर शॉटगन. नवे नित्याचे शत्रू मात्र सात. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. वैविध्य हवे म्हणून बंदुकांचा ढीग वाढवावा, असे आयडीला वाटले नाही. बंदुकांना नवे प्रश्न विचारणारे शत्रू त्यांनी वाढवले.

'रेव्हेनंट'ची काही क्षेपणास्त्रे वळून पाठलाग करतात, म्हणून नुसते बाजूला सरकणे पुरत नाही. 'पेन एलिमेंटल' तोंडातून जिवंत कवट्या सोडतो. त्याच्यावर रॉकेट झाडताना नेमकी नळीसमोर कवटी आली, तर स्फोट आपल्याच तोंडावर. चेनगनवाला झाँबी लांबून, न थांबता झाडतो, त्यामुळे सगळ्या खोलीचा प्राधान्यक्रम त्याच्यापासून सुरू होतो.

आणि 'आर्क-व्हाइल'. खेळाडू त्याच्या नजरेत राहिला, तर ज्वाला थेट अंगावर उठते. गोळा येत नाही, चुकवायला काही नाही. भिंतीआड जाणे हा एकच उपाय. शिवाय तो मेलेल्या राक्षसांना पुन्हा उठवतो. आतापर्यंत प्रेत म्हणजे संपलेला विषय होता. आर्क-व्हाइल आला आणि मागे टाकलेली प्रत्येक खोली थकबाकी झाली. त्याचे गुण ७०० आणि थबकण्याची शक्यता २५६ पैकी अवघी १०, तेव्हा चेनगनने त्याला रोखून धरता येत नाही. लपायचे, त्याचा वार फुकट घालवायचा, बाहेर येऊन झाडायचे, पुन्हा लपायचे. एका शत्रूने 'वुल्फेन्स्टाइन'चा जुना कोपरा परत आणला, पण यावेळी त्याला अर्थ होता.

सुपर शॉटगनविषयी मात्र दोन मते आहेत. दोन काडतुसांत २० छर्रे, म्हणजे सरासरी २०० गुण. साध्या शॉटगनमध्ये एका काडतुसाला ७०, इथे १००. वर झाडतानाचा तो दणका. पुन्हा भरायला दीड सेकंदाहून अधिक लागतो, ही तिची किंमत. तरी व्यवहारात ती इतकी फायद्याची ठरली, की साधी शॉटगन लांबच्या माऱ्यापुरतीच उरली. शिडी मोडणाऱ्यांनीच एक पायरी पुन्हा बांधली, असे म्हणता येईल. खेळाडूंनी तक्रार केली नाही, कारण पायरी फार सुंदर होती.

'डूम २'ची आठवी लेव्हल पीटरसन यांची, नाव 'ट्रिक्स अँड ट्रॅप्स'. तिच्यातला एक दरवाजा उघडला, की आत बॅरनची गर्दी आणि त्यांच्या मागे ४००० गुणांचा 'सायबरडीमन'. लढून जिंकावे अशी ती खोलीच नाही. दाराशी उभे राहायचे, सायबरडीमनच्या रॉकेटांच्या वाटेतून बाजूला व्हायचे, आणि ती बॅरनच्या पाठीत बसू द्यायची. फाशांच्या खेळातून आलेल्या माणसालाच अशी खोली सुचू शकते. तिथे शस्त्र म्हणजे खेळाडूची उभे राहण्याची जागा.

१९९६ च्या जूनमध्ये आयडीचाच 'क्वेक' आला. जग खरोखर त्रिमितीय झाले, पण त्या काळच्या संगणकांना एका वेळी थोडेच शत्रू झेपत. गर्दी गेली, आणि गर्दीतून निर्माण होणारी निवडही आक्रसली. 'क्वेक'मधला झाँबी साध्या गोळीने मरत नाही. तो पडतो आणि पुन्हा उठतो; ग्रेनेड किंवा रॉकेटाने त्याच्या चिंधड्या उडवाव्या लागतात. हे कुलूप आणि किल्लीचे नाते. पहिल्यांदा कळते तेव्हा मजा येते, दहाव्यांदा नुसती किल्ली फिरवणे उरते. 'शॅम्बलर' त्यापेक्षा वरच्या दर्जाचा. स्फोटांची इजा त्याला निम्मीच होते, त्यामुळे सवयीने रॉकेट काढणारा हात थबकतो. वीज फेकणारी 'थंडरबोल्ट' पाण्यात उभे राहून झाडली, तर पहिला बळी स्वतः खेळाडू. असे विनोद त्या मंडळींना आवडत.

नोव्हेंबर १९९८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ'ने शत्रूंना टोळीने वागायला शिकवले. त्यातले सैनिक आडोसा घेतात, लपलेल्या खेळाडूला ग्रेनेड टाकून बाहेर काढतात. चकमकीचा भार शस्त्रावरून शत्रूच्या वागण्यावर सरकला.

१५ नोव्हेंबर २००१ रोजी बंजी कंपनीचा 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ड' आला आणि त्याने सगळ्यांत मोठा घाव घातला: एका वेळी दोनच शस्त्रे. तिसरे उचलायचे तर हातातले टाका. वरवर ही काटछाट, पण तिच्यामुळे निवड चकमकीच्या आधीच सुरू झाली. 'एलीट' योद्ध्यांभोवती ऊर्जेचे कवच असते. ते उतरवायला परग्रही प्लाझ्मा शस्त्रे चांगली, आणि आतल्या देहासाठी माणसांच्या बंदुका. परग्रही प्लाझ्मा शस्त्रात पुन्हा दारू भरता येत नाही. संपले की फेका आणि मेलेल्याच्या हातातले घ्या. रणांगणावर पडलेला प्रत्येक शत्रू हे एक दुकान झाले.

'हेलो'मध्ये एलीट पुढारी मेला, की त्याच्याभोवतीचे बुटके 'ग्रंट' हात वर करून पळत सुटतात. 'डूम'मध्ये आधी दुबळ्यांना मारायचे होते, इथे आधी पुढाऱ्याला. पहिला अर्धा खेळ हे शिकवण्यात जातो. मग मध्यावर 'फ्लड' नावाची झुंड येते. तिला पुढारी नाही, भीती नाही. लांबून टिपायची रायफल तिच्या सडक्या देहांतून आरपार जाते आणि फारसे बिघडवत नाही. नेमक्या त्याच लेव्हलमध्ये खेळाडूला प्रथमच शॉटगन मिळते. शस्त्र आणि शत्रू यांची एवढी चपखल जोडी त्या दशकात दुसरी क्वचितच सापडेल.

या यशाची किंमत पुढच्या काळाने मोजली. दोन शस्त्रांची मर्यादा इतरांनीही उचलली, पण तिच्या मागचा विचार न घेता. खेळाडूकडे नेमके रॉकेट लाँचर नसेल ही भीती असल्यामुळे रणगाडा येण्याआधीच्या खोलीत तो भिंतीला टेकवून ठेवलेला असे. लाँचर दिसला, की रणगाडा येणार हे कळे. निवड राहिली नाही, सूचनाफलक राहिला.

ऑगस्ट २००४ मधल्या 'डूम ३'ने तर टॉर्चलाच शस्त्र केले. अंधार गडद, आणि टॉर्च हातात असेल तर बंदूक नाही, बंदूक असेल तर उजेड नाही. पाहायचे की मारायचे? कल्पना म्हणून ही निवड 'डूम'च्या वंशातली सर्वांत भेदक होती. खेळाडूंना ती रुचली नाही. मंगळावर जाऊ शकणाऱ्या माणसांकडे साधी चिकटपट्टी नाही का, असा प्रश्न विचारत चाहत्यांनी 'डक्ट टेप' नावाचा फेरबदल तयार केला आणि टॉर्च बंदुकीला बांधून टाकला. २०१२ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीनेही माघार घेऊन तो चिलखतावर बसवला. अंधार तेवढाच राहिला, भीती मात्र उतरली.

२०१६ च्या नव्या 'डूम'मध्ये हिशेबाची वही उलटी लिहिली गेली. जखमी शत्रूला हातघाईने मारले की आरोग्य मिळते, करवतीने कापले की दारूगोळा सांडतो. पूर्वी संकटात मागे हटायचे, आता पुढे घुसायचे. २०२० च्या 'डूम इटर्नल'ने ही शिस्त आणखी कडक केली. दारूगोळा मुद्दाम तोकडा, चिलखतासाठी शत्रूला आग लावणे आवश्यक, आणि जुन्या राक्षसांना नवी मर्मस्थाने. कॅकोडीमनच्या तोंडात ग्रेनेड टाकला की तो गिळतो आणि गारद होतो. अॅरक्नोट्रॉनची पाठीवरची तोफ नेमकी फोडता येते.

या खेळात 'मरॉडर' नावाचा ढालवाला शत्रू आहे. फार जवळ गेले तर तो वेगळे वागतो, फार लांब राहिले तर वेगळे. मधल्या अंतरावर उभे राहून त्याच्या डोळ्यांत हिरवी चमक दिसण्याची वाट पाहायची आणि त्या क्षणी झाडायचे. यावर खेळाडूंत जोरदार वाद झाला. एका पक्षाला हे द्वंद्वयुद्धाचे शिखर वाटले. दुसऱ्याचे म्हणणे, की हातात एवढी शस्त्रे देऊन ती कधी वापरायची हेही रचनाकारच सांगणार असेल, तर निवड कुणाची? आक्षेपात तथ्य आहे. कॅकोडीमन १९९३ मध्येही एका शस्त्रापुढे अधिक हतबल होता, पण ते खेळाडूला स्वतः शोधावे लागे, आणि शोध लागल्यावरही शॉटगन वापरायची मुभा होती. 'इटर्नल' तेच पडद्यावर लिहून दाखवतो. मात्र तो वेगाने खेळणाऱ्या माणसाला विचारावे. दर सेकंदाला शस्त्र बदलणारा तो हात काही आज्ञाधारक दिसत नाही.

इकडे मूळ 'डूम' थांबलाच नाही. चाहते नव्या लेव्हल्स रचत आले आहेत. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर युद्ध लादले गेल्यानंतर, जॉन रोमेरो यांनी 'डूम २'साठी 'वन ह्युमॅनिटी' नावाची एक नवी लेव्हल पाच युरोंना विकायला ठेवली आणि ते पैसे रेड क्रॉस व संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीला दिले. १० डिसेंबर २०२३ रोजी, बरोबर तीस वर्षांनी, त्यांचा 'सिजिल २' हा संपूर्ण एपिसोड आला. त्यात नवे शस्त्र एकही नाही. सात छर्ऱ्यांची तीच शॉटगन आहे, ६० गुणांचा तोच इंप आहे, आणि तो कुठल्या कठड्यावर उभा करायचा याचा विचार तेवढा नव्याने केलेला आहे.